सेनापती सीडीफोरराव मरत नाहीत

“सर, मी ह्यात मरते का?”

वर्षाराणी कुंभारने हातातले कागद उलटसुलट करत विचारलं. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा होता, शाळा नुकतीच सुटली होती, आणि विज्ञानाच्या प्रयोगशाळेत मी लिहिलेल्या पहिल्यावहिल्या नाटकाचं वाचन चाललं होतं.

“मरतेस म्हणजे? वीरमरण येतं तुला,” मी म्हणालो. “अख्ख्या नाटकात तुझ्याएवढं मोठं मरण कुणालाच नाही. पाऊण पान आहे.”

“पण मरायलाच पाहिजे का?”

“सेनापती मेल्याशिवाय रोगी कसा मरणार? आणि रोगी मेल्याशिवाय लोक रडणार कसे?”

प्रश्न मिटला असं मला वाटलं. मी खूश होऊन पुढचं पान उलटलं.

ही २०११ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका मोठ्या गावच्या हायस्कुलात मी दहावीला विज्ञान शिकवत होतो. शिंत्रे सर म्हणजे गावात वजन, असं माझं मत होतं. एक डिसेंबरला, जागतिक एड्सदिनाला, जिल्ह्याच्या गावी आंतरशालेय नाट्यस्पर्धा होती. हेडमास्तर बाबर सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं, “एचआयव्हीबद्दल कुणाला काय माहिती आहे?” मी हात वर केला. तीन वर्षांपूर्वी त्या विषयाच्या दोन दिवसांच्या शिबिराला मी गेलो होतो. पहिल्या दिवशी जेवणानंतर झोपलो आणि दुसऱ्या दिवशी जेवणानंतर निघालो. पण प्रमाणपत्र मिळालं होतं, शिवाय रेक्झिनची एक पिशवीही. एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ होतो.

नाटकाचं नाव ‘एड्सासुराचा विळखा’. शरीर हे एक राज्य. त्यात पांढऱ्या पेशी हे सैनिक. ते पांढऱ्या बनियनवर आणि एनसीसीच्या टोप्यांत. त्यांना हुकूम देणारी जी पेशी, जिला सीडी-फोर म्हणतात, तिचा मी ‘सेनापती सीडीफोरराव’ केला होता. एड्सासुर काळा रेनकोट घालून आणि अंगावर थर्माकोलचे काटे चिकटवून यायचा, सेनापतीच्या छाताडावर बसायचा आणि सेनापती मरायचा. मरताना त्याने म्हणायचं होतं, “हाय रे दैवा! बळ सरले! या क्षयरोगा, या न्यूमोनिया, या अतिसारा, आता वेशीचे दरवाजे सताड उघडे आहेत!” मग ते तिघे नाचत यायचे. रोगी झालेला इम्रान शिकलगार तोंडाला फेस आणून मरायचा. फेस मी स्वतः साबणाचा करून देणार होतो. त्याची आई झालेली मुलगी टाहो फोडायची आणि पडद्यामागून माझा भारदस्त आवाज यायचा, “म्हणून सांगतो, सावधान!”

हे लिहून झालं तेव्हा मी स्वतःच थोडा रडलो होतो.

सेनापतीसाठी वर्षाराणीला घेतलं ते तिच्या आवाजामुळे. मुलगी अंगाने काटकुळी, पण प्रार्थनेला प्रतिज्ञा सांगायला उभी राहिली की आवाज मैदानाच्या टोकाला जायचा. सातवीत असताना ती कुठल्याशा दुसऱ्या गावाहून आली होती. आईवडील नव्हते. मावशीकडे राहायची. मावशी एसटी स्टँडजवळ कपडे शिवायची. महिन्यातून एक दिवस ती हमखास गैरहजर असायची आणि दर वेळी मी हजेरी घेताना म्हणायचो, “आलं का राणीसरकारांचं मासिक अधिवेशन?” वर्ग हसायचा. मला वर्ग हसलेला आवडायचा.

दुसऱ्याच तालमीला तिने पुन्हा तोंड उघडलं.

“सर, एक शंका होती.”

“शंका तासाला विचारायच्या. तालमीला नाही.”

“ह्यात गोळ्या नाहीत का?”

“कसल्या गोळ्या?”

“एचआयव्हीच्या. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात सर. रोज खाल्ल्या की सेनापती मरत नाही.”

“हे बघ,” मी म्हणालो, “नाटक पंधरा मिनिटांचं आहे. गोळ्या खायला वेळ नाही.”

पोरं हसली. ती हसली नाही.

“आणि सर, एचआयव्ही झाला म्हणजे लगेच एड्स झाला असं नसतंय. एचआयव्ही म्हणजे तो विषाणू. त्याच्यामुळं सैनिक लई कमी झाले आणि मग टीबी-बिबी घुसला, की त्याला एड्स म्हणतात. तुम्ही दोन्हीचा एकच राक्षस केलाय.”

आता एकोणीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला दहावीतल्या मुलीने त्याच्याच प्रयोगशाळेत, त्याच्याच सांगाड्यासमोर हे सांगायचं म्हणजे काय! खरं सांगायचं तर ती म्हणत होती ते पुस्तकातही होतं. पण पुस्तक मी एकोणीस वर्षांपूर्वी वाचलं होतं.

“दुसऱ्या राक्षसाला लागणारा रेनकोट तू आणणार आहेस का?” मी विचारलं. “नाही ना? मग मर गुपचूप.”

मी हे शब्द बोललो. तेरा वर्षं झाली, कधीमधी भाजी घेताना वगैरे अचानक आठवतात आणि मी उगीचच मोठ्याने खाकरतो.

पुढच्या तालमींत ती निमूटपणे मरत राहिली. छान मरायची. रोज एका दमात पाऊण पान म्हणून धाडकन पडायची. मी बाबर सरांना म्हणालो, बक्षिसाच्या ढालीसाठी शोकेसमध्ये जागा करून ठेवा.

एक डिसेंबरला सकाळी आम्ही टेम्पो करून सांगलीला गेलो. सभागृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत तीन परीक्षक, त्यांच्यापुढे पाण्याच्या बाटल्या. आमचा नंबर सहावा. पहिली दहा मिनिटं नाटक असं रंगलं की मी विंगेत उभा राहून बक्षीस घ्यायला जाताना चेहरा कसा ठेवायचा याचा सराव करत होतो. एड्सासुर आला. सेनापतीच्या छाताडावर बसला. सेनापती कोसळला. “हाय रे दैवा!” सभागृहाच्या टोकापर्यंत आवाज गेला. दरवाजे उघडले. क्षय, न्यूमोनिया आणि अतिसार नाचत आले. इम्रानने फेस काढला.

आणि मेलेला सेनापती उठून बसला.

मला वाटलं डास चावला असेल. पण वर्षाराणी उभी राहिली, चांदीचा कागद लावलेली पुठ्ठ्याची तलवार उचलली आणि ओरडली, “थांबा! मी अजून मेलो नाही!”

क्षय, न्यूमोनिया आणि अतिसार जागच्या जागी थिजले. त्यांना असं काही शिकवलेलं नव्हतं.

“इम्रान, ऊठ!” ती म्हणाली. “गोळी खा!”

इम्रानने एक डोळा उघडला. बिचारा प्रामाणिक मुलगा. त्याने फेस पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “पण मी मेलोय.”

सभागृह फुटलं. मागच्या रांगेतली पोरं बाकं बडवायला लागली. टाहो फोडणाऱ्या आईचं रडणं एकदा सुरू झालं की थांबत नसे, त्यामुळे ती मधोमध बसून रडतच होती. एड्सासुर विंगेतल्या माझ्याकडे बघून खुणेने विचारत होता, परत छाताडावर बसू का? वर्षाराणी मात्र एकटीच गंभीर होती. तिने खिशातून पेपरमिंटची गोळी काढली, इम्रानच्या तोंडात कोंबली, आणि म्हणाली, “आता रोज खायची. कळलं?”

मी पडदा ओढला. तोही चुकीच्या दोरीने, त्यामुळे तो आधी आणखी उघडला.

अकरा शाळांत आमचा नंबर अकरावा आला. परीक्षकांच्या कागदावर शेरा होता: ‘विनोदी नाटक विषयाचे गांभीर्य घालवते. मुख्य पात्राचे पाठांतर नाही.’ परतताना टेम्पोत मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो. मागे पोरं मजेत गाणी म्हणत होती. अपमान फक्त माझाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी वर्षाराणीला प्रयोगशाळेत उभं केलं. तिच्या मावशीला निरोप पाठवला. मावशी येईपर्यंत तिच्यापुढे कागद ठेवला आणि खिशातलं माझं पेन दिलं.

“माफीनामा लिही. काय चूक केलीस ते स्पष्ट लिही.”

तिने जरा विचार केला आणि दोन ओळी लिहिल्या. मी कागद ओढून घेतला. लिहिलं होतं:

‘मी ठरल्याप्रमाणे मेले नाही याबद्दल मी शिंत्रे सरांची माफी मागते.’

“ही चेष्टा आहे का?”

“तुम्हीच म्हणालात सर, स्पष्ट लिही.”

तेवढ्यात मावशी आली. विमल तिचं नाव. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती, पदराला दोरे चिकटलेले. दारात चप्पल काढून ती आत आली आणि मी बसा म्हणायच्या आधीच भिंतीशी उभी राहिली, शिक्षा झालेल्या मुलासारखी.

“काय केलं सर पोरीनं?”

“काय केलं? जिल्ह्यासमोर शाळेची अब्रू घालवली,” मी सुरुवात केली. “तीन आठवडे तालीम केली. हिने फक्त मरायचं होतं. दुसरं काही काम नव्हतं. पडायचं आणि पडून राहायचं. आयत्या वेळी उठून उभी राहिली. वाचा, स्वतःच्या हाताने लिहिलंय.”

विमलबाईंनी कागद घेतला. एकेका शब्दावर बोट ठेवत वाचला. परत वाचला. मग मला म्हणाल्या, “तुम्ही हिला मरायला सांगितलं हुतं?”

“नाटकात हो.”

“कशानं?”

“एड्सने.”

बाईंनी कागद टेबलावर ठेवला. त्या वर्षाराणीकडे वळल्या. मला वाटलं आता भाचीला मारतात की काय. मी मोठेपणाने म्हणालो, “मारू नका. समज द्या फक्त.”

“वर्षे,” त्या म्हणाल्या, “घरी का न्हाई सांगितलंस? मी आले असते. काडून घेतलं असतं नाव.”

“सांगून काय करायचं होतं?” वर्षाराणी म्हणाली. “मला नाटकात राहायचं होतं.” मग ती दाराकडे गेली, बाहेर कुणी नाही ना बघितलं आणि दार लोटून घेतलं.

“मावशे, मी सांगते ह्यांना.”

“नगं. वर्षे, नगं. मागच्या गावाला काय झालं इसरलीस?”

“सर, मला एचआयव्ही आहे,” वर्षाराणी म्हणाली. “जन्मापासून. आईकडनं आला. आई मला आठ वर्षांची करून गेली, टीबीनं. तेव्हा रक्ताच्या तपासणीत माझे सैनिक एकशे ऐंशी होते. आता सहाशे चाळीस आहेत. मागच्या महिन्यातच मोजलेत.”

डोक्यात महिन्याची ती गैरहजेरी, दवाखान्याची रांग आणि माझं ‘मासिक अधिवेशन’ एकदमच येऊन उभं राहिलं. आणि याच्यापुढचं सांगायला मला अजूनही जड जातं.

वर्षाराणीने माझं पेन पुढे केलं, परत द्यायला. आणि मी म्हणालो, “ठेव. टेबलावर ठेव.”

हात पुढे केला नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हे असं होणारच हे आधीपासून माहीत असलेल्या माणसासारखं बघितलं. पेन टेबलावर ठेवलं, मी काढलेल्या आकृत्यांच्या वहीच्या अगदी कडेला, आणि शांतपणे म्हणाली, “पेनानं होत नाही, सर. हात लावल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, डास चावल्यानं होत नाही. तुमच्याच नाटकात आहे. तिसऱ्या प्रवेशात.”

होतं. यमक जुळवून लिहिलं होतं.

मला इतकी लाज वाटली की मी झटक्यात पेन उचललं आणि ते नुसतं खिशाला लावायचं सोडून, काहीतरी सिद्ध करायचं म्हणून, त्याचं टोक तोंडात धरून चावायला लागलो. दोघी बघत राहिल्या. मी चावत राहिलो. थांबलो तर काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

शेवटी विमलबाई म्हणाल्या, “सर, काडा ते तोंडातनं. शाई लागंल.”

लागली होती. खालचा ओठ निळा झाला होता. वर्षाराणीने तोंडावर हात घेतला, पण तिचे खांदे हलत होते. मग विमलबाईही हसल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“मागच्या गावाला,” त्या म्हणाल्या, “बाईंनी एका दिवसात दाखला हातात ठेवला. आधी बाक येगळा केला, मग माठ येगळा केला, मग दाखला. तुम्हीबी देणार असला तर सांगा. सालाच्या मधी नगं, परीक्षा झाल्यावर द्या. एवढं करा.”

“कुणाला कळणार नाही,” मी म्हणालो.

त्यांचा विश्वास बसला नसावा, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. शिंत्रे सरांच्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाबर सरांच्या मधुमेहापासून शिपायाच्या लग्नापर्यंत सगळ्या बातम्या स्टाफरूममध्ये माझ्यापासून सुरू होत. पण ही नाही झाली. त्या दुपारी मी निळ्या ओठाने स्टाफरूममध्ये गेलो, सगळ्यांनी विचारलं त्या पोरीचं काय झालं, आणि मी म्हणालो, “काही नाही. नाटकच चुकलं होतं.” माझ्या नोकरीतलं एकमेव मौन. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. ती अजून समजते की मी पेन चावतो कारण माझं कॅल्शियम कमी आहे.

गोष्ट इथे मिटली असती. पण बाबर सरांनी सरपंचांना आधीच शब्द देऊन ठेवला होता की सव्वीस जानेवारीला तेच बक्षिसाचं नाटक गावासमोर होईल. बक्षीस मिळालं नाही ही बातमी सरपंचांपर्यंत पोहोचलीच नव्हती.

शाळा रिकामी झाल्यावर मी वर्षाराणीला प्रयोगशाळेत बोलावलं. दार उघडं ठेवलं. समोर कोरे कागद घेतले.

“सांग,” मी म्हणालो. “मी लिहितो.”

“काय सांगू?”

“नाटक. माझ्या नाटकात काय काय चुकलंय.”

“सगळंच, सर?” तिने विचारलं. तिला खरंच वेळेची काळजी वाटत होती.

पुढचे आठ दिवस मी विद्यार्थी होतो. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी तिला बारा वर्षांची असताना समजावलेलं तिने मला समजावलं. विषाणू सैनिकांशी समोरून लढत नाही. तो सेनापतीच्याच घरात घुसतो, त्याच्याच घरातलं सामान वापरून स्वतःसारखे हजार तयार करतो आणि बाहेर पडताना घर मोडून जातो. असे सेनापती कमी कमी होत गेले की बाकीच्या सैनिकांना कळेनासं होतं, कुणावर धावून जायचं. मग ज्या जंतूंना एरवी कुणी हिंग लावून विचारत नाही, तेही माणसाला आडवं करतात.

“आणि गोळी काय करते? मारते त्याला?”

“नाही. तीच तर गंमत आहे,” ती म्हणाली. “तो मरत नाही, सर. त्याला नवीन विषाणू करताच येत नाहीत. मग तो नुसता पडून राहतो. झोपतो म्हणा. पण अंगातच असतो. एखादी गोळी चुकली तर चुकली, पण सारख्याच चुकायला लागल्या की तो जागा होतो. आणि एकदा नीट जागा झाला की मग त्या गोळीला भीत नाही. म्हणून सकाळी आठ, रात्री आठ. लग्न असू दे, जत्रा असू दे, दहावीचा पेपर असू दे.”

“तुला कंटाळा नाही येत?”

“येतो की. पण त्यालापण येत असेल ना, सर, असं पडून पडून?”

मी लिहायचं थांबलो. मग म्हणालो, “बरं. सेनापतीचं काम तुलाच ठेवतो.”

“नको. सेनापती त्या एड्सासुर झालेल्या स्वप्नीलला द्या. मला विषाणू व्हायचंय.”

“अगं, विषाणूला ह्या नाटकात एक वाक्य नाही. सगळा वेळ नुसतं कोपऱ्यात झोपायचं आहे.”

“हां. तेच करायचंय,” ती म्हणाली. “मला माहितीये तो कसा झोपतो.”

वर्षाराणी हे तिचं खरं नाव नाही. हल्ली ती मोठ्या शहरात नोकरी करते, दिवाळीला फोन करते. हे लिहू का म्हणून विचारलं तेव्हा म्हणाली, “नाव तेवढं बदला. बाकी काही बदलू नका, सर. तुमचा मूर्खपणा तर मुळीच नाही.” तेव्हा वाचकांनी खात्री बाळगावी, त्यात काटछाट केलेली नाही.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटून झाली आणि मैदानावर नाटक सुरू झालं. स्टेजवर एक खाट, एक घड्याळ, खाटेशी पहाऱ्याला सेनापती स्वप्नील आणि डाव्या कोपऱ्यात काळा रेनकोट घालून अंगाची मोळी करून पडलेली वर्षाराणी. इम्रान उठायचा, घड्याळात आठचे टोल पडायचे, तो गोळी तोंडात टाकायचा आणि कामाला लागायचा. दहावी पास झाला. गवंड्याच्या हाताखाली लागला. शेजाऱ्याशी बांधावरून भांडला. आईला साडी आणली. प्रत्येक वेळी टोल पडायच्या जरा आधी कोपऱ्यातला विषाणू कूस बदलायचा, एक हात पसरायचा, डोकं वर काढायचा, आणि इम्रानने गोळी गिळली की मोठी जांभई देऊन परत गुडूप. लोक त्या जांभईची वाट बघायला लागले. पोरं तर तिच्याबरोबर जांभया द्यायला लागली. सरपंचांनीही एक दिली, पण ती बहुधा खरी होती.

मग इम्रान मित्राच्या लग्नाला गेला. वरातीत नाचायला लागला. आठचे टोल पडले, पण त्याचं लक्ष नव्हतं. पुन्हा सकाळचे पडले, तरी नाही. मग परत रात्रीचे. कोपऱ्यात वर्षाराणी उठून बसली. मग उभी राहिली. रेनकोट झटकला. हळूहळू, आवाज न करता, ती नाचणाऱ्या इम्रानच्या मागे चालत आली. पोरांच्या जांभया थांबल्या. मी विंगेत होतो, नाटक माझ्या हातचं होतं, पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला. ती त्याच्या पाठीशी उभी राहून पिंजऱ्याचं दार उघडं सापडलेल्या जनावरासारखी बघत होती.

बायकांच्या घोळक्यातून एक म्हातारी ताडकन उभी राहिली आणि ओरडली, “आरं, गोळी खा की मुडद्या!”

हे नाटकात नव्हतं. पण इम्रान प्रामाणिक मुलगा होता. त्याने घाबरून दोन गोळ्या एकदम खाल्ल्या.

वर्षाराणी तिथेच थबकली. तिचे डोळे जड झाले, पाय मागे मागे जायला लागले, आणि ती कोपऱ्यात जाऊन अशी काही पडली की सगळं मैदान हसलं, टाळ्या वाजायला लागल्या, त्या थांबेचनात. बायकांत बसलेल्या विमलबाईंना मी बघितलं. हसून हसून त्यांचा श्वास कोंडला होता, शेजारणीच्या पाठीवर त्या थापा मारत होत्या. शेजारणीला वाटलं असेल, शिंपीणबाईंना नाटकाची फार आवड दिसते.

मी पडद्याची दोरी ओढली. या वेळी बरोबर दोरी होती, पण पडदा अर्ध्यावर येऊन अडकला. मुलं रांगेत उभी राहून नमस्कार करायला लागली. लोक उठायला लागले होते, उभ्याउभ्या टाळ्या वाजवत होते. रांगेत एक मुलगी कमी होती. बघतो तर ती कोपऱ्यात तशीच, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली, अंगावर रेनकोट.

मी वाकून अर्ध्या पडद्याआडून तिच्यापर्यंत गेलो.

“ऊठ गं,” मी कुजबुजलो. “संपलं नाटक. नमस्कार करायला चल.”

तिने एक डोळा उघडला. मैदानाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“लोक अजून बघतायत, सर.”

“मग काय झालं?”

“मी उठले तर इम्रान मरंल की,” ती म्हणाली, आणि डोळा मिटून घेतला.